शनिवारचा गट, मंगळवारचा फोन: नाशिकमधल्या एका मैत्रीगटाविषयी

स्तनाच्या कर्करोगाची शेवटची केमो झाली, रेडिएशनचा शेवटचा दिवस संपला की घरात पेढे येतात. कालपर्यंत दर एकवीस दिवसांनी किंवा रोज दवाखान्यात जाणारी बाई आता तीन-चार महिन्यांनी एकदा डॉक्टरांना भेटणार असते. सलाईन लावणारी ओळखीची सिस्टर नाही, शेजारच्या खुर्चीवर बसून घरगुती उपाय सांगणारी मावशी नाही. घरच्यांच्या लेखी सगळं संपलेलं असतं. आजार परत येऊ नये म्हणून पुष्कळ जणींना द्यायच्या हार्मोनविरोधी गोळ्या मात्र पुढची पाच, कधी दहा वर्षं चालायच्या असतात. नाशिकमधला हा मैत्रीगट नेमका या टप्प्यासाठी आहे. आम्ही दोघी हाता-खांद्याचे व्यायाम आणि समुपदेशन या दोन बाजूंनी हे काम करतो आणि त्याच नजरेने या गटाबद्दल लिहीत आहोत.

गटाचं नाव आणि नेमकी जागा मुद्दाम देत नाही. इथे येणाऱ्या काही जणींनी आजार सासरच्या लांबच्या मंडळींना सांगितलेला नाही, कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे. जागा जाहीर झाली की त्यांचं येणं थांबेल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयातल्या समाजसेविकेकडे विचारलं की पत्ता मिळतो. गंगापूर रोडच्या बाजूला, सिटीलिंक या शहर बसच्या थांब्यापासून चालत जाण्याजोगं अंतर, तळमजल्यावरची खोली, महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी तीन ते पाच. फी नाही. चहासाठी डब्यात दहा रुपये टाकायचे, नसले तरी कुणी बघत नाही. एरवी बारा ते पंधरा जणी असतात, आणि हा आकडा चांगला आहे. वीसच्या वर गेलं की प्रत्येकीला बोलायला दोन मिनिटंही येत नाहीत आणि बोलक्या चौघींचीच बैठक होते.

प्रवेशाचा एक नियम आम्हाला फार आवडला. केमो चालू असलेल्या बाईला खोलीत बसवत नाहीत, तिला फोनवरची मैत्रीण देतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. एखादीचं साधं सर्दी-पडसं तिला तापासकट ॲडमिट करायला पुरेसं होतं. हे कारण तिला समजावून सांगतात, त्यामुळे आपल्याला बाहेर ठेवलं असं तिला वाटत नाही.

बैठकीची सुरुवात वीस मिनिटांच्या व्यायामाने होते, तीही बहुतेक खुर्चीवर बसून. खांदे मागे फिरवणं, पाठीची दोन्ही पाती एकमेकींकडे ओढून पाच आकडे धरणं, दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणं, आणि शेवटी भिंतीवर बोटांनी चढत जाणं. भिंतीवर प्रत्येकीच्या नावाची पेन्सिलची खूण आहे. पंधरा दिवसांनी बोटं कुठवर पोचली ते तिथेच दिसतं. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये, एवढं सूत्र सगळ्यांना पाठ आहे.

एक गोष्ट इथे जशी हाताळतात तशी फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. काखेतल्या गाठी काढल्यावर काही आठवड्यांनी पुष्कळ जणींच्या काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी लागते. हात वर केला की ती ओढते. नव्या बाईला पहिला विचार येतो तो आजार परत आल्याचा, आणि रात्रभर झोप लागत नाही. गटात ती हात वर करून दाखवते, तेव्हा दोघी-तिघी एकदम सांगतात, ‘अगं, ही दोरी. आम्हालाही होती.’ मग एक जण तिचा हात धरून हळूच ताण देऊन दाखवते आणि फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगते. योग्य ताणाच्या व्यायामाने ही दोरी बहुतेक वेळा काही आठवड्यांत सैल होते. हीच माहिती आम्ही दिली तरी बाई मान डोलावते आणि घरी जाऊन घाबरतेच. ती दोरी अंगावर वागवलेल्या बाईने सांगितलं की तिचे खांदे खाली येतात.

व्यायामानंतर टेप निघते. या गटाचं सगळ्यात नेटकं काम हेच. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातल्या लसिकेचा (लिम्फ या पातळ द्रवाचा) निचरा मंदावतो आणि सूज कधीही, अगदी काही वर्षांनीही, येऊ शकते. सुरुवातीला डोळ्याला काही दिसत नाही. बांगडी चढायला त्रास होतो, अंगठी रुतते, ब्लाउजच्या बाहीचा वळ संध्याकाळपर्यंत राहतो. म्हणून दोघी-दोघी समोरासमोर बसतात, हात टेबलावर, तळवा खाली. मनगटाच्या हाडापासून मोजायला सुरुवात करून दर १० सेंटिमीटरवर बॉलपेनने ठिपका देत काखेजवळपर्यंत जातात, आणि प्रत्येक ठिपक्यावर दोन्ही हातांचा घेर वहीत लिहितात. एकाच जागी दोन्ही हातांत २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला, किंवा आधीच्या महिन्यापेक्षा तिथला घेर वाढत चालला, की फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी हातात पडते. उजव्या हाताने काम करणारीचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, तेव्हा नुसत्या फरकापेक्षा बदल बघायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

मोजण्यात चुका कुठे होतात हेही या बायकांना पक्कं ठाऊक आहे. जुनी कापडी टेप ताणून लांब होते आणि हात बारीक झाल्यासारखा दाखवते, म्हणून प्लास्टिकची एकच टेप वापरतात, तीही दर वर्षी नवी. टेप आवळायची नाही, कातडीला टेकवून सोडायची. वेळ ठरलेली हवी, कारण सकाळी आणि दिवसभराच्या धुण्याभांड्यानंतर एकाच हाताची मापं वेगळी येतात. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर मापं-बिपं काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हा जंतुसंसर्ग असतो, त्याला प्रतिजैविक लागतं, आणि शनिवारची वाट बघितली तर ॲडमिट व्हावं लागतं.

हातात टेप असताना बायका एकमेकींकडे सरळ न बघता बोलतात. नवऱ्याने अजून व्रण पाहिलेला नाही, हे वाक्य गोलात बसून कुणी उच्चारत नाही. कोपराचा घेर लिहिता लिहिता ते निघून जातं. मापन नर्सकडे न देता बायकांकडेच ठेवलं आहे, त्यामागचं खरं कारण आम्हाला हेच दिसतं.

आता जोडीबद्दल. आमच्या मते हा गट ज्यासाठी शिफारस करावी अशी गोष्ट ही एकच आहे, बाकीचं जमेची बाजू.

आजारातून गेलेल्या बाईने नव्या बाईला भेटायचं ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ नावाने हे काम सुरू केलं. तेव्हाची भेट मुख्यतः रुग्णालयातल्या दिवसांपुरती असायची. नाशिकचा गट भेटीपाशी थांबत नाही. नव्या बाईला जी जोडीदारीण मिळते तिचे उपचार संपून किमान दोन वर्षं झालेली असतात, आणि शक्यतो गोळी तीच असते. टॅमॉक्सिफेन घेणारीला अंगातून एकाएकी गरम वाफा निघण्याचा त्रास काय ते कळतं. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेणारीला सकाळी उठल्यावर बोटं न वळणं आणि जिना उतरताना गुडघे आखडणं कळतं. गोळीची जोडी जमवणं हे वयाची जोडी जमवण्यापेक्षा उपयोगी पडतं, हे आम्हाला इथे पटलं.

मग फोनचा वार ठरतो. बहुतेक जोड्यांचा मंगळवार आहे, साडेचार वाजता, दहा ते पंधरा मिनिटं. ‘काही लागलं तर सांग हं’ हे वाक्य गटात वर्ज्य आहे, आणि ते बरोबर आहे. लागलं तरी कुणी सांगत नाही. आपण कुणाला त्रास देतोय असं वाटतं, किंवा त्या दिवशी फोन उचलायचंही बळ नसतं. वार ठरलेला असला की मागावं लागत नाही. फोनवर आजारच काढायचा असंही नाही. पाणी आलं का, मुलाच्या परीक्षेचं काय झालं, रविवार कारंजा चौकात मेथीची जुडी कितीला मिळाली, इथून सुरुवात होते. आजार यायचा असेल तर तो दहाव्या मिनिटाला आपोआप येतो. यायचा नसेल तर मेथीवरच फोन संपतो, आणि तो फोनही पूर्ण धरायचा.

जोडीला तीन बंधनं आहेत. औषधाचा डोस, गोळी थांबवणं किंवा बदलणं यावर सल्ला द्यायचा नाही. दुसऱ्या कुणाचं काय वाईट झालं ते सांगायचं नाही. ऐकलेलं घरी न्यायचं नाही, नवऱ्यालाही नाही. पहिलं बंधन किती मोलाचं आहे याचं एक उदाहरण पुरे. वाफा आणि उदास वाटणं यावर एकीला दिलेली गोळी दुसरी आपल्या मनाने आणून घेते. पण नैराश्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात होणारं रूपांतर अडवतात. बाई मनाने बरी होते आणि तिची मुख्य गोळी लंगडी पडते. डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत असली की ते दुसरी गोळी निवडतात.

जोड्या फिसकटतातही. एक सतत रडते आणि दुसरी सतत ऐकते, असं झालं की दोन महिन्यांत ऐकणारी फोन टाळायला लागते. यावर गटाने केलेला उपाय साधा आहे. तीन महिन्यांनी प्रत्येक जोडी आपोआप मोडते आणि ‘चालू ठेवायची का?’ असं दोघींना वेगवेगळं विचारतात. कारण द्यावं लागत नाही. पुष्कळ जणी चालू ठेवतात. ज्या नाही म्हणतात त्यांच्यात वाकडेपणा येत नाही, कारण मोडणं नियमातच होतं. नव्या बाईचा आजार उलटला तर जुनीचा पाय सगळ्यात जास्त घसरतो, म्हणून तशा वेळी जुनीलाही एक जोडीदारीण देतात. हे फार शहाणपणाचं आहे. तपासणीच्या आधीचा आठवडा वहीत लाल शाईने लिहिलेला असतो. मॅमोग्रामची तारीख जवळ आली की दहा वर्षं झालेल्या बाईचीही झोप उडते, आणि त्या आठवड्यात फोन एकाचे दोन होतात.

काही जोड्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालतात. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि चाल अशी की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सांधे आखडणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत सहाला निघू नये. घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून साडेसातला निघावं. एकटीने ठरवलेलं चालणं पहिल्या पावसात बंद पडतं. कोपऱ्यावर कुणी थांबलेलं असलं की पाय आपोआप निघतात.

खोलीतल्या कपाटाबद्दल मिश्र मत आहे. तिथे काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाउजमध्ये घालायचे, सुती धाग्याने विणलेले, आत कापूस भरलेले कप आहेत, ते बायकांनीच विणले आहेत. व्रण कोवळा असताना, पहिल्या दोन महिन्यांत, हेच घालावेत. हलके, घाम शोषणारे आणि घरी धुता येणारे. त्यांची अडचण अशी की वजन नसल्यामुळे हात वर केला की कप सरकत गळ्याकडे येतो. त्यावर उपाय म्हणजे बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी छोट्या पुरचुंडीत शिवून कपाच्या खालच्या कडेला बसवायची, आणि धुण्याआधी पुरचुंडी काढायची. ती ओली राहिली की बुरशी धरते. व्रण पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून, सिलिकॉनचा कप घेता येतो. छाती मोठी असेल तर तो घ्यावाच. एका बाजूचं वजन गेलं की खांदा त्या बाजूला उचलला जातो आणि मान-पाठ धरते. साडीच्या पिनेने सिलिकॉन फुटतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर खराब होतो. ब्लाउजला आतून मलमलीचा कप्पा शिवायचा आणि त्याचं तोंड काखेच्या बाजूला ठेवायचं. वरून तोंड ठेवलं तर वाकताना कप बाहेर डोकावतो. हे शिंप्याला सांगायला संकोच वाटतो, म्हणून गटाने कप्पा शिवलेला एक नमुन्याचा ब्लाउजच ठेवला आहे. तो न्यायचा, दाखवायचा, परत आणायचा. काही न बोलता काम होतं.

याच कपाटात हाताची सूज आवरणाऱ्या, वापरलेल्या दाबाच्या बाह्याही ठेवल्या आहेत, त्या काढून टाकाव्यात. ही बाही ज्या हाताच्या मापाने घेतली त्याच हाताची असते. सैल असली तर उपयोग नाही, घट्ट असली तर पंजा सुजतो. रोजच्या वापरात सहा महिन्यांत तिचा ताणही जातो. मन मोठं ठेवून दिलेली वस्तू आहे, तरी ती घेणारीचं नुकसान करते.

दुसरी तक्रार फळ्यावरच्या वाक्याची. ‘त्या हाताने जन्मभर पाच किलोच्या वर उचलू नका’ असं तिथे लिहिलं आहे. हा जुना सल्ला आहे. हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज वाढत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात सूज असलेल्या बायकांमध्येच दिसलं. उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. त्या बायका आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, बाही घालून व्यायाम करत होत्या. अर्थ असा की एकदम भरलेला हंडा उचलू नये, पण अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करून फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याने वाढवत जावं. ज्या हाताला जन्मभर जपलं तो हात कणीक तिंबायलाही उरत नाही. फळा पुसावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

व्हॉट्सॲपचा गट हा सगळ्यात कच्चा दुवा. सकाळची फुलं चालतील, पण लक्ष्मणफळाचा रस, गव्हांकुर आणि सोड्याचं पाणी यांनी कर्करोग बरा होतो असे निरोप तिथे अजून फिरतात. यातल्या कशानेही तो बरा होत नाही. गोळीने सांधे दुखणारी बाई असा निरोप वाचते आणि गोळी बंद करून रस सुरू करते, ही भीती पोकळ नाही. दोन गट करावेत: एकात फक्त संयोजिकांच्या सूचना, दुसऱ्यात गप्पा, आणि उपचाराचा निरोप आला की त्याच दिवशी काढणारी एक जण नेमलेली.

आणखी दोन कमतरता मोठ्या आहेत. आजार हाडात किंवा यकृतात पसरलेल्या आणि उपचार कायम चालू असलेल्या बाईला या गोलात जागा सापडत नाही. ‘पाच वर्षं झाली!’ म्हणून टाळ्या वाजतात तेव्हा तिने कुठे बघायचं? तिच्यासाठी वेगळी, लहान, तिघी-चौघींची बैठक हवी, आणि ती संयोजिकांनी आधी तिलाच विचारून ठरवावी. चाळिशीच्या आतल्या मुलींचंही तसंच. नोकरीवर परतणं, मूल होण्याचा प्रश्न, स्थळ आल्यावर कधी सांगायचं, हे विषय मावश्यांच्या गोलात निघत नाहीत.

सिन्नर, निफाड, दिंडोरीहून येणाऱ्यांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, ती सोय आहे. पण पाचला बैठक सुटली की घरी पोचेपर्यंत चूल थांबलेली असते. महिन्यातली एक बैठक अकरा ते एक ठेवली तर त्यांना जमेल. पेठ-सुरगाण्याच्या बायकांना तेही कठीण, त्यांच्यासाठी फोनची जोडीच खरी.

संक्रांतीचा तिळगूळ इथे सगळ्यांना मिळतो, हळद-कुंकूही, नवरा असो वा नसो. याची वाच्यता कुणी करत नाही, नुसतं ताट पुढे येतं.

हा गट समुपदेशनाची जागा घेत नाही, हे संयोजिकांना ठाऊक आहे. दोन आठवडे सलग मन खाली राहिलं, झोप-भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर जोडीदारणीने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा आणि डॉक्टरांकडे सोबत जावं. हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर सैल बाहीचा किंवा पुढून उघडणारा ब्लाउज घाला, टेप लावायला सोपं जातं. फाईल नेऊ नका, तिथे ती कुणी बघत नाही. गोळीचं नाव तेवढं कागदावर लिहून न्या, जोडी लावायला लागतं. पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलला नाही तरी चालतं. दाराशी चपला लावणाऱ्या ताई नाव विचारतात, आडनाव विचारत नाहीत, आणि फोनसाठी कुठला वार मोकळा आहे ते लिहून घेतात.